नखांची रंगकला : नवशिक्यांसाठी साहित्य आणि पूर्वतयारी

आपल्या ट्रस्टच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासपर लेख द्यावा, अशी चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. शिक्षणाचे महत्त्व, समाजाची एकजूट अशा एखाद्या विषयावर आम्ही चार पाने लिहून देऊ, अशीच त्यांची अपेक्षा असावी. तसे लेख ह्या अंकात जाणत्या मंडळींच्या लेखणीतून येतीलच. आम्ही मात्र विषय निवडला आहे तो नखे रंगविण्याचा. हे वाचून काही वडीलधारी मंडळी हसतील, काहींच्या कपाळाला आठ्याही पडतील. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती आहे.

विषय निवडण्याचे कारण असे. गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील मुलींना ह्या कलेची ओढ लागली आहे. बेळगावच्या खडे बाजारात किंवा गणपत गल्लीत जा, नाही तर निपाणी, संकेश्वर, चिकोडीच्या बाजारपेठेत जा. बांगड्यांच्या शेजारी नखरंगाच्या बाटल्यांची रांग आणि त्याच्या शेजारी कृत्रिम नखांची पाकिटे हमखास दिसतात. लग्नसराईत मेंदी काढणाऱ्या मुलीला आता “नखांवरही काहीतरी काढशील का?” असे विचारले जाते. दहावी-बारावी झालेल्या आमच्या विद्यार्थिनी सुट्टीत भेटायला येतात आणि विचारतात, “बाई, हे शिकले तर चार पैसे मिळतील का? सामान काय काय घ्यावे?” ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा चुकीचे दिले. त्या चुकीतून जे शिकलो, तेच येथे मांडणार आहोत.

१. आमची चूक

ही गोष्ट २०२२ सालची. निपाणीकडील आमची एक विद्यार्थिनी बारावी झाल्यावर घरी आली. तिची आई विड्या वळते. निपाणीच्या तंबाखूत राबणाऱ्या स्त्रियांचे हात आपण सारे ओळखतो. ह्या स्त्रियांनी संघटित होऊन हक्कासाठी जो लढा दिला, त्यावर १९८२ साली ‘युगांतर’ ह्या चित्रपटगटाने माहितीपटही केला होता. आपल्या मुलीच्या नखांत तंबाखूची तपकिरी कड बसू नये, असे त्या आईला वाटले, ह्यात नवल ते काय? मुलीचा हात चित्रकलेत चांगला. तिने नखकलेविषयी विचारले आणि आम्ही फारसा विचार न करता सांगून मोकळे झालो, “घ्यायचेच तर पूर्ण साहित्याची पेटी घे. अर्धवट सामानावर धंदा होत नाही.”

मुलीने बाईंचा शब्द प्रमाण मानला. आईने बचत गटातून आठ हजार रुपये उचलले. मोबाईलवरून मोठी पेटी मागविली गेली. तीत दिवा होता, विजेवर फिरणारे घासण्याचे यंत्र होते, पूड होती, द्रव होते, शंभर रंग होते. कसे वापरावे हे सांगणारे कागद मात्र परभाषेतले. पहिलाच प्रयोग मैत्रिणीच्या हातावर झाला. यंत्राने नखे इतकी घासली गेली की ती कागदासारखी वाकू लागली. चार दिवसांनी बोटांच्या टोकांना खाज सुटली आणि पाण्याचे फोड आले. त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे लागले. मैत्रिणीच्या घरच्यांनी बोल लावला. पेटी माळ्यावर गेली आणि बचत गटाचे हप्ते मात्र दीड वर्ष चालू राहिले.

त्या मुलीचा ह्यात दोष नव्हता. वीस वर्षे मुलांना ‘पायरीपायरीने शिका’ म्हणून सांगणाऱ्या आम्हीच तिला शेवटच्या पायरीवर उडी मारायला सांगितले होते. नंतर आम्ही ह्या विषयाची माहिती मिळविली, जाणकारांना विचारले, उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतः हात बसविला. तेव्हा ध्यानात आले की, नवशिक्याला लागणारे साहित्य एका लहान पिशवीत मावते.

२. ही कला आपल्याला नवी नाही

नखे रंगविणे ही परदेशातून आलेली टूम आहे, असा पुष्कळांचा समज आहे. तो पुरता खरा नाही. आपल्या आजीने बोटांच्या टोकांवर मेंदीच्या टोप्या घातलेल्या आपण पाहिल्या आहेत. त्या टोपीखाली नखही रंगत असे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी शेजारच्या घरी मेंदी वाटली जाई, आणि चाँदरातीला आमच्या घरी. वाटण्याचा दगड कित्येकदा एकच असे. ह्या सीमाभागात त्या झाडाला नावेही किती! मराठीत मेंदी, उर्दूत हिना, कानडीत मदरंगी किंवा गोरंटी. झाड एकच, रंगही एकच.

दुसरे उदाहरण तेरड्याचे. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे माळावर आणि बांधावर तेरडा फुलतो. गौरीच्या सणाला त्याचे मोठे महत्त्व. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. पण गंमत अशी की, दूर कोरिया देशात मुली ह्याच तेरड्याची फुले व पाने तुरटीबरोबर ठेचून रात्रभर नखांवर बांधून ठेवतात, आणि तो नारिंगी रंग नख वाढून कापले जाईपर्यंत टिकतो. म्हणजे फुलावरचा रंग तीन दिवसांचा असला, तरी नखावरचा कित्येक आठवड्यांचा! मेंदीत जे रंगद्रव्य असते, त्याच जातीचे द्रव्य तेरड्यातही सापडते, हे त्याचे कारण.

बाटलीतला नखरंग मात्र विसाव्या शतकातला. मोटारींना देण्याच्या चकचकीत, चटकन वाळणाऱ्या रंगात जे नायट्रोसेल्युलोज वापरतात, तेच ह्या नखरंगाचे मुख्य द्रव्य होय. अमेरिकेत १९३२ साली रेव्हलॉन कंपनी निघाली, ती नखरंग विकण्यासाठीच. आपल्या देशात १९५२ साली टाटांच्या तेल कंपनीने ‘लॅक्मे’ सुरू केली. हे नाव फ्रेंच वाटते; पण ते लक्ष्मी ह्या नावाचेच फ्रेंच रूप आहे.

३. आधी नख ओळखावे

सुताराला लाकूड आणि शिंप्याला कापड ओळखावे लागते, तसे ह्या कलेत नख ओळखावे लागते. नख म्हणजे केरॅटिन नावाच्या कठीण द्रव्याचे, एकावर एक बसलेल्या पातळ थरांचे पटल. केस आणि गुरांची शिंगेही ह्याच द्रव्याची. दिसणारे नख निर्जीव असते, म्हणून कापताना दुखत नाही. जिवंत भाग असतो तो मुळाशी, त्वचेखाली. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी जी पांढरट चंद्रकोर दिसते, ती त्या जिवंत भागाची कड होय.

हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला सुमारे सहा महिने लागतात. पायाचे नख निम्म्या वेगाने वाढते. अंगठ्याचे नख पुरते बदलायला वर्ष-दीड वर्षही लागते. ह्याचा अर्थ विद्यार्थिनींनी नीट ध्यानात घ्यावा. घासून पातळ केलेले नख औषधाने बरे होत नाही. ते वाढून निघून जाईपर्यंत वाट पाहावी लागते. आपली एक मिनिटाची घाई दुसऱ्याला सहा महिने भोगावी लागते.

नखाच्या मुळाशी पातळ त्वचेची एक कड असते. तिला क्यूटिकल म्हणतात. घराच्या पत्र्याच्या सांध्यावर आपण डांबर लावतो, कारण तेथून पाणी आत शिरू नये. ही कड त्याच कामाची. ती कापली की जंतू आत शिरतात आणि नखुर्डे होते. म्हणून ही कड कापू नये. कोमट पाण्यात हात भिजवून ती काडीने हलकेच मागे सारावी.

४. साहित्याची ओळख

आता मुख्य विषयाकडे वळू. साहित्याचे आम्ही पाच गट केले आहेत.

(अ) स्वच्छतेचे साहित्य. नवशिक्या मुली हा गट विसरतात आणि रंगांपासून सुरुवात करतात. पहिली खरेदी ह्याच गटाची हवी. साबण, स्वच्छ टॉवेल, कापूस, ७० टक्के अल्कोहोलचे स्पिरिट आणि झाकणाची एक काचेची बरणी. लोखंडी किंवा स्टीलची हत्यारे वापरून झाल्यावर आधी साबणाने घासून धुवावी, कोरडी करावी, मग दहा मिनिटे स्पिरिटमध्ये बुडवून ठेवावी. मळलेले हत्यार तसेच स्पिरिटमध्ये बुडवून उपयोग होत नाही. मळाखाली जंतू तसेच राहतात. एकाच्या नखाची बुरशी दुसऱ्याला, आणि रक्त आले असल्यास काविळीसारखा रोगही, हत्यारांवाटे जाऊ शकतो. पूर्वी न्हावी एकाच नराणीने सगळ्या गल्लीची नखे काढी. ती पद्धत आज चालणार नाही.

(आ) नख घडविण्याचे साहित्य. ह्यात चार वस्तू येतात : नेलकटर, कानस, बफर आणि लाकडी काडी. कानशीवर आकडा छापलेला असतो. आकडा जितका मोठा, तितकी ती बारीक. १०० आकड्याची कानस कृत्रिम नखांसाठी असते. ती आपल्या नखांना लावू नये. नैसर्गिक नखांना १८० ते २४० ची कानस पुरते. कानस करवतीसारखी मागे-पुढे न चालविता कडेकडून मध्याकडे एकाच दिशेने चालवावी, नाही तर नखाचे थर सुटतात. कागदी कानस धुता येत नाही. म्हणून ती प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी द्यावी, किंवा गिऱ्हाइकाच्या नावाच्या पाकिटात घालून तिच्याच हवाली करावी. बफर म्हणजे चकाकी आणणारी मऊ ठोकळी. ती महिन्यातून एकदा, तीही हलक्या हाताने.

(इ) रंगाचे साहित्य. खालचा थर, रंग आणि वरचा थर असे तीन भाग. खालचा थर म्हणजे बेस कोट. तो रंग धरून ठेवतो आणि गडद रंगाने नख पिवळे पडू देत नाही. वरचा थर म्हणजे टॉप कोट. तो चकाकी देतो आणि टवके उडू देत नाही. रंगाच्या शंभर बाटल्यांची गरज नाही. पांढरा, काळा, लाल, पिवळा, निळा आणि एक सोनेरी, अशा सहा बाटल्या पुरेत. चित्रकलेच्या तासाला शिकविलेले रंगमिश्रण येथेही चालते. प्लॅस्टिकच्या झाकणावर दोन थेंब एकत्र करावे; लाल-पिवळ्याचा नारिंगी होतोच.

बाटली जोराने हलवू नये, बुडबुडे येतात. दोन तळव्यांमध्ये धरून रवी घुसळल्यासारखी फिरवावी. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावे आणि दोहोंमध्ये दोन-तीन मिनिटे थांबावे. रंग घट्ट झाला, तर पुष्कळजणी त्यात रिमूव्हर ओततात. त्याने रंगाची वीण तुटते. त्यासाठी नखरंगाचे थिनर वेगळे मिळते. त्याचे दोन-तीन थेंब पुरतात.

(ई) नक्षीचे साहित्य. ठिपके देण्याची गोल टोकाची काडी, अगदी बारीक लांब केसांचा एक ब्रश आणि चिकटपट्टी. ह्यांपैकी पहिली वस्तू घरीही होते. शिसपेन्सिलीच्या रबरात मण्याच्या डोक्याची टाचणी टोकाकडून खोचली की झाली ठिपक्यांची काडी. लहान-मोठ्या मण्यांच्या दोन-तीन टाचण्या ठेवल्या की लहान-मोठे ठिपके देता येतात. दात कोरण्याची काडी पाकळी ओढायला चालते. दोन रंगांची छटा हवी असेल, तर स्पंजाच्या तुकड्यावर दोन रंग शेजारी-शेजारी लावून नखावर हलके टेकवावे. सरावासाठी कृत्रिम नखांचे एक पाकीट घ्यावे. ती नखे पुठ्ठ्यावर चिकटवून सराव करावा. मैत्रिणीचा हात त्यासाठी वापरू नये.

(उ) काढण्याचे साहित्य. जो रंग काढता येत नाही, तो लावू नये, हा नियम. रिमूव्हर दोन प्रकारचा मिळतो : ॲसिटोनचा आणि बिनॲसिटोनचा. पहिला चटकन काम करतो, पण नख व त्वचा कोरडी करतो. कापूस भिजवून नखावर दहा-पंधरा सेकंद दाबून धरावा आणि मग मुळाकडून टोकाकडे एकदाच पुसावे. नंतर खोबरेल तेलाचा एक थेंब चोळावा. आमच्या घरांतील नमाजी स्त्रिया वजूचे पाणी नखापर्यंत पोचावे म्हणून नखरंग काढून टाकतात किंवा मेंदीलाच पसंती देतात. तेव्हा गिऱ्हाईक कोण आहे, रंग किती दिवस ठेवायचा आहे, हे आधी विचारून घेणे हाही ह्या धंद्यातील शिष्टाचार होय.

येथे एक धोक्याची सूचना. नखरंग, थिनर आणि रिमूव्हर तिन्ही पेट घेणारे पदार्थ आहेत. चूल, गॅस, उदबत्ती किंवा लोबान जळत असेल तेथे बाटली उघडू नये. एकाच खोलीत स्वयंपाक आणि काम चालत असेल, तर स्वयंपाक आटोपल्यावर खिडकी उघडी ठेवून काम करावे. वासाने डोके दुखते, तेही त्याने टळते.

५. मेंदीचे साहित्य

ज्या मुलीला थोड्या भांडवलात सुरुवात करायची आहे, तिने मेंदीपासून करावी, असे आमचे मत आहे. साहित्य असे : ताजी, वस्त्रगाळ केलेली मेंदीची पूड, लिंबू, साखर, निलगिरीचे तेल, कोनासाठी प्लॅस्टिकचा कागद, चिकटपट्टी, टाचणी आणि व्हॅसलिन. आपल्या देशात राजस्थानातील सोजतची मेंदी नामांकित आहे. २०२१ साली तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. पूड घेताना रंग आणि वास पाहावा. हिरवट, गवतासारख्या वासाची पूड ताजी. तपकिरी पडलेली पूड जुनी समजावी.

कृती अशी. ५० ग्रॅम पुडीत चहाचा एक चमचा साखर, दोन चमचे निलगिरीचे तेल आणि मावेल तेवढा लिंबाचा रस घालून दह्यासारखे सरसरीत भिजवावे. झाकून रात्रभर ठेवावे. पानातील रंगद्रव्य आंबट पाण्यात हळूहळू मोकळे होते, म्हणून हा वेळ द्यावा लागतो. नंतर तलम कापडातून गाळून कोनात भरावे, म्हणजे टोकाशी गुठळी अडकत नाही. फक्त नखे रंगवायची असतील, तर भोवतालच्या त्वचेला आधी व्हॅसलिन लावावे, नखावर लगद्याचा जाड थर द्यावा आणि तीन-चार तास ठेवावा. काढल्यावर पहिले काही तास पाणी लावू नये. रंग प्रथम नारिंगी दिसतो आणि दोन दिवसांत गडद होतो. तळहातावरची मेंदी दोन-तीन आठवड्यांत उतरते. नखावरची मात्र उतरत नाही, ती नखाबरोबर पुढे सरकते आणि कापली जाते. हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

तान्ह्या मुलांच्या हातापायांना हौसेने मेंदी लावण्याची चाल आपल्याकडे आहे. ती सोडावी. जी-६-पीडी नावाच्या घटकाची काही बालकांत जन्मतःच उणीव असते. अशा बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी मेंदीने फुटू शकतात आणि जिवावर बेतू शकते. बाळाकडे पाहून ही उणीव ओळखू येत नाही.

६. काय घेऊ नये

साहित्याच्या यादीइतकीच ही दुसरी यादी महत्त्वाची आहे.

पहिली वस्तू, तथाकथित काळी मेंदी. तासाभरात काळाकुट्ट रंग देणारा कोन हा निव्वळ मेंदीचा असूच शकत नाही. त्यात बहुधा केस काळे करण्याचे पीपीडी नावाचे रसायन असते. त्याने काहींच्या हातावर नक्षीच्याच आकाराचे फोड उठतात, डाग राहतात आणि एकदा अंगाने हे रसायन नाकारले की ती तक्रार जन्मभर राहते. पुढे पन्नाशीत त्या बाईने केसांना कलप लावला, तरी चेहरा सुजू शकतो. युरोपात हे रसायन त्वचेला लावण्यास परवानगी नाही.

दुसरी वस्तू, दिव्याखाली वाळणारे जेल आणि पूड-द्रवाची ॲक्रिलिक नखे. ही वाईटच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. शहरांतील प्रशिक्षित कारागीर ती सफाईने करतात. पण ती शिकल्यावाचून करण्याची नव्हेत. ह्यांतील ॲक्रिलेट जातीची द्रव्ये न वाळता त्वचेला लागली, तर अंगाला त्यांचे वावडे निर्माण होते. दिवा कमी शक्तीचा किंवा त्या जेलसाठी नसलेला असेल, तर वरून वाळलेले दिसते आणि आतून कच्चे राहते. आमच्या विद्यार्थिनीच्या मैत्रिणीचे नेमके असेच झाले, असे डॉक्टरांनी सांगितले. असे वावडे एकदा आले की दातांत भरण्याच्या काही मसाल्यांचाही पुढे त्रास होऊ शकतो. जेल वाळविण्यासाठी वापरले जाणारे टीपीओ नावाचे एक द्रव्य १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत वर्ज्य केले आहे. बाटलीवर घटक छापलेले नसतील, तर ती बाटली घेऊ नये, हा सोपा नियम पाळावा.

तिसरी वस्तू, विजेवर फिरणारे घासणीयंत्र. नवशिक्याच्या हाती ते नको.

शिवाय काही नखे अशी असतात की, त्यांवर कोणताच रंग लावू नये. बुरशी लागलेले, पिवळे-जाड झालेले, ठणकणारे, नखुर्डे झालेले नख दिसले, तर नम्रपणे नाही म्हणावे आणि डॉक्टरांकडे पाठवावे. मधुमेही माणसाच्या पायाच्या नखांना कानस लावताना फार जपावे. लहानशी जखमही त्यांना महाग पडते. शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात जाणाऱ्या बाईला नखरंग काढून जाण्यास सांगावे. बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र नखातून प्रकाश पाठविते; काळ्या-निळ्या रंगाने त्याचा आकडा चुकू शकतो. करोनाच्या काळात हे यंत्र घराघरांत पोचले, तेव्हा ही गोष्ट पुष्कळांस कळली.

७. सरावाचा क्रम

अक्षर शिकविताना आपण आधी रेघा गिरवून घेतो. येथेही तोच क्रम ठेवावा. पहिला आठवडा फक्त एकरंगी, सारखा थर देण्याचा. कडेची त्वचा न रंगता, मुळाशी केसभर जागा सोडून तीन ओढींत नख भरता आले पाहिजे : एक मध्ये, दोन बाजूंना. दुसरा आठवडा ठिपक्यांचा. पाच ठिपके वर्तुळात आणि मध्ये एक, झाले फूल. तिसरा आठवडा रेघांचा. चौथा आठवडा छटांचा. रांगोळीतील ठिपके, साडीच्या काठातील कुयरी, जुन्या मशिदींच्या जाळ्यांतील अष्टकोन, बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्तीच्या छतावरील कमळ, अशी नक्षी आपल्या अवतीभवती भरपूर आहे. ती वहीत उतरून घ्यावी. मोबाईलवरची नक्षी सगळ्यांकडे असते. आपल्या गावची नक्षी आपल्याकडेच मिळते.

एका महिन्यानंतर घरच्या माणसांचे हात घ्यावे. पैसे घेण्याचे नाव दोन महिन्यांनंतर.

८. पहिल्या खरेदीची यादी

सोयीसाठी संक्षिप्त यादी देत आहोत. ती कापून जवळ ठेवावी.

स्पिरिट, कापूस, साबण, दोन टॉवेल, झाकणाची बरणी.
नेलकटर १, बारीक कानशी ६, बफर १, लाकडी काड्या १ पाकीट.
बेस कोट १, टॉप कोट १, रंग ६, थिनर १.
बारीक ब्रश १, मण्याच्या टाचण्या, चिकटपट्टी, स्पंज, सरावाची नखे १ पाकीट.
रिमूव्हर १, खोबरेल तेल.
मेंदीची पूड, निलगिरीचे तेल, कोनाचा कागद, व्हॅसलिन.
एक वही : अर्ध्या पानांत नक्षी, अर्ध्या पानांत हिशेब.

ह्या सुट्टीतील वर्गासाठी आम्ही हे सारे बेळगावात घेतले, तेव्हा एका मुलीमागे बाराशे रुपयांच्या आतच खर्च आला. ह्यासाठी कर्ज काढावे लागत नाही. यादीतील शेवटची वस्तू सर्वांत स्वस्त आहे. पण ती नसली की बाकीच्यांचे पैसे कुठे गेले ते कळत नाही. प्रत्येक कामाला रंग किती गेला, कानस कोणती गेली, वेळ किती गेला हे लिहून ठेवले, तरच मजुरी किती मागावी हे समजते.

समारोप

वाचकांना त्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले, हे जाणून घ्यावेसे वाटेल. हप्ते फिटले. त्यांतील काही आम्ही भरू म्हटले, तेव्हा तिच्या आईने हात जोडून नकार दिला आणि म्हणाल्या, “बाई, पैसे नकोत. पोरीला नीट शिकवा.” त्या हातांकडे पाहून आम्हांस पुढे काही बोलवले नाही. वरील यादी प्रथम तिच्यासाठीच केली. आज ती लग्नसराईत मेंदी काढते, नखांवर साधी, सुबक नक्षी करते. कानस नवी काढते ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. दुखऱ्या नखाला नाही म्हणायला ती शिकली आहे, आणि ह्या नाही म्हणण्यानेच तिच्यावर लोकांचा विश्वास बसला आहे. माळ्यावरची ती पेटी मात्र अजून माळ्यावरच आहे. रीतसर प्रशिक्षण घेतल्यावाचून ती उघडायची नाही, असे तिने आपण होऊन ठरविले आहे.

ट्रस्टच्या सभासद बंधुभगिनींना एकच सुचवावेसे वाटते. आपण मुलींना शिष्यवृत्त्या देतो, शिलाई यंत्रे देतो. ते चांगलेच आहे. परंतु वस्तू देताना ती वापरायला शिकविणारे माणूसही द्यावे, आणि वस्तू लहान असली तरी चालेल, शिकवण पुरी असावी. आम्ही हे एका मुलीच्या आठ हजार रुपयांवर शिकलो. ते पैसे आता कुणाचे पुन्हा जाऊ नयेत, म्हणून हा लेख.